दुखत नाही म्हणून

सिहोरा, २४ सप्टेंबर १९७१

सौ. सुमेधावहिनींना विनताचा नमस्कार.

अक्षर वाकडं दिसेल, पडल्या पडल्या लिहून राहिले आहे. बाळ छान आहे. मीच बिघडले. परवापासून डावी छाती दगडासारखी घट्ट झाली, वरून लाल, हात लावला की चटका बसतो. काल संध्याकाळी हुडहुडी भरून ताप चढला. बाळाला त्या बाजूला घेतलं की डोळ्यांतून पाणी येतं.

सासूबाई म्हणतात नजर लागली. शेजारच्या मिश्राइनने कसला तरी हिरवा लेप आणून दिलाय आणि वर म्हणाली, "बहू, उस तरफ का दूध मत पिलाना, ज़हर हो गया है." सासूबाईंनी बाटली धुऊन ठेवलीसुद्धा. ह्यांना काय सांगू? शाळेतून आले की विचारतात, "काहून निजलीस?" मी म्हणते, पाठ दुखते. छातीचं नाव पुरुषमाणसासमोर कसं घ्यायचं?

तुम्ही बी.एस्सी. झालेल्या, फॅक्टरीत इतक्या पुरुषांत काम करता. तुम्हाला ठाऊक असेल. दूध तोडू का? लवकर कळवा. आणि हे पत्र दादाला दाखवू नका, तुम्हाला बाळाची शपथ.

तुमची,
विनता

•

जबलपूर, २५ सप्टेंबर १९७१

प्रिय विनता,

तुझं पत्र आज दुपारी हाती आलं. उत्तर लगेच लिहायला बसले होते, मग पेन खाली ठेवलं. माझी पदवी रसायनशास्त्राची. दुधाचं, तापाचं मला काय कळतं? चार बुकं शिकलेल्या बाईने अंदाजाने सांगावं आणि तू ते वेदवाक्य मानावंस, हे मला बरं वाटेना. म्हणून सायकल काढली आणि दवाखान्यातल्या बाईडॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं तेच लिहिते, माझं त्यात काही नाही.

दूध तोडू नको. त्याचं विष होत नाही. दूध आत तुंबलं की असं होतं, नव्या आयांना नेहमी होतं. उलट बाळाला त्या बाजूला घ्यायचं, आधी कोमट फडक्याने शेकायचं, राहिलेलं हलक्या हाताने काढून टाकायचं. लेप धुऊन टाक. पण हुडहुडी भरून ताप आला आहे, तेव्हा नुसत्या शेकावर राहू नको. उद्याच सरकारी दवाखान्यात जा, औषध लागेल. आत पू झाला असेल तर डॉक्टर काढतील. घरी कुणाला दाबू देऊ नको.

बाई छान बोलल्या. "दर्द वाली तो खुद चलके आ जाती है, जिसको दर्द नहीं उसको बुलाना पड़ता है." पाळीच्या आधी दोन्हीकडे जड होणं, दुखणं आणि पाळीनंतर उतरणं, हे बहुतेकींना होतं, त्याला भ्यायचं नाही. मात्र एकाच बाजूला, पाळी होऊन गेली तरी न जाणारी कडक गाठ, काखेकडच्या बाजूला, ब्लाउजची शिवण येते त्याच्या जरा आत, बोटाखालून न निसटणारी, तर ती दुखत नसली तरी दाखवावी. कातडी आत ओढली गेली किंवा बोंडातून रक्तासारखं पाणी आलं तरीही. निम्म्याहून जास्त गाठी साध्याच निघतात म्हणे, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी.

पोस्टावर विसंबत नाही, हे पत्र सिहोऱ्याच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तुझ्या ह्यांना खरं सांग. ते गणित शिकवतात, छाती म्हटल्याने मूर्च्छा येणार नाही त्यांना.

तुझी वहिनी,
सुमेधा

•

सिहोरा, ९ ऑक्टोबर १९७१

वहिनी,

तुमची नणंद बरी झाली! ताप गेला, लाली गेली, बाळ दोन्हीकडे पिऊन गुबगुबीत झालं.

ह्यांना सांगितलं. हे आधी खिडकीबाहेर पाहत राहिले, मग म्हणाले, "तर मग चला ना, बसून काय राहिलीस?" सासूबाई दारात आडव्या. "दूध का दवाई से क्या लेना-देना?" मी म्हटलं, वहिनींनी फॅक्टरीतून लिहून पाठवलंय. वहिनी, तुमच्या फॅक्टरीचं नाव काढलं की सासूबाई बाजूला होतात. त्यांना वाटतं तुम्ही तोफा बनवता. मी पण खुलासा करत नाही. मिश्राइनला तर मी सांगितलं की माझ्या वहिनीच्या शिक्क्याशिवाय जबलपूरचा गोळा हलत नाही. तेव्हापासून लेप बंद आणि सल्ले पण बंद.

आता दुसरं. तो कागद मी तीनदा वाचला. माझा ताप उतरला, पण तुमच्या एका ओळीने परत चढला. बाईडॉक्टर "गाठ" म्हणाल्या असतील, "दुखत नाही" म्हणाल्या असतील. "ब्लाउजची शिवण येते त्याच्या जरा आत" हे त्या कशाला म्हणतील? मी तर गाठीचं विचारलंच नव्हतं.

वहिनी, ती शिवण कोणाची आहे?

विनता

•

जबलपूर, २४ ऑक्टोबर १९७१

प्रिय विनता,

दिवाळीत तुम्ही आला नाहीत, घर सुनं वाटलं. पण मीही घरी होते कुठे? पाडव्यालासुद्धा ओव्हरटाइम. काय चाललं आहे ते लिहायची परवानगी नाही, तरी तू वर्तमानपत्र वाचतेस.

एक मात्र लिहिते, कारण अभिमान वाटतो आणि तो कुणाजवळ तरी बोलावासा वाटतो. सेक्शनमध्ये तपासनिसाचा स्वतःचा शिक्का असतो. मी पितळेचे लहान भाग तपासते, इतकंच समज. माझा शिक्का बसला की तो भाग पुढे जातो आणि काही बिनसलं तर माझ्याच नावाने परत येतो. फोरमन विष्णुपंत मला शिक्का मिळाला तेव्हा म्हणाले होते, "बाईंना शिक्का? घरी पोळ्यांवर मारा." आज कुठल्या भागाबद्दल शंका आली की तेच तो माझ्या टेबलावर आणून ठेवतात. आमच्यात शंकेचा भाग म्हणजे खराब भाग नव्हे. तो वेगळ्या ट्रेमध्ये जातो आणि दुसरं कुणी पाहतं. ज्या गेजने मी मोजते तो गेजसुद्धा दर शनिवारी वेगळ्या खोलीत तपासायला जातो. माझा गेज मी पास करायचा नाही. कितीही विश्वास असला तरी.

तुझ्या प्रश्नाला बगल देते आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. माझ्याही आलं.

आहे. राखीच्या सुमारास आंघोळ करताना हाताला लागली. वाटाण्यापेक्षा जरा मोठी. दुखत नाही. तुझ्यासाठी दवाखान्यात गेले तेव्हा बाईंनी सहज विचारलं, "और आप?" मी म्हटलं, मैं ठीक हूँ. का म्हटलं, ते मलाही नीट सांगता येत नाही. लाज म्हणावी तर तुझ्याबद्दल तर मी धडधडीत बोलले. रजेसाठी कारण लिहावं लागतं आणि तो कागद विष्णुपंतांच्या टेबलावरून जातो. "बाईमाणूस शेवटी" असं त्यांनी एकदाही म्हणू नये म्हणून मी इतकी वर्षं ताठ उभी आहे. ते आता म्हणतील.

दर रविवारी मी ती पाहते. वाढल्यासारखी वाटत नाही. तुझ्या दादांना सांगितलेलं नाही. काळजी करू नको.

सुमेधा

•

सिहोरा, १ नोव्हेंबर १९७१

वहिनी,

काळजी करू नको म्हणे!

तुमचा पितळ मोजायचा गेज दर शनिवारी दुसऱ्या खोलीत तपासायला जातो. आणि रविवारी तुम्ही स्वतःच बोट लावून स्वतःला पास करता. वर शिक्का मारता, "वाढल्यासारखी वाटत नाही." हे कोणत्या फॅक्टरीत चालतं?

तुम्हीच लिहिलं की शंकेचा म्हणजे खराब नव्हे. मग वेगळ्या ट्रेमध्ये काहून जात नाही तुम्ही? मला ताप होता, मी विव्हळत होते, म्हणून माझ्यासाठी सायकल काढली. तुम्हाला दुखत नाही म्हणून तुमच्यासाठी कुणी काढायची? बाई तर तुमच्यासमोरच म्हणाल्या होत्या, दुखत नाही त्याला बोलवावं लागतं. घ्या, मी बोलवून राहिले.

रागावलात तर रागवा. मी लहान आहे, पण ह्या बाबतीत तुमच्यापेक्षा मोठी आहे. मी जाऊन आले.

विनता

•

जबलपूर, ७ डिसेंबर १९७१

प्रिय विनता,

तुझ्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही. तुझं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे.

आता लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळा कागद लावला आहे, सायकलच्या दिव्यालासुद्धा. संध्याकाळी भोंगा होतो आणि सगळी वसाहत एकदम गप्प होते. आम्ही दुप्पट पाळ्या करतो आहोत. सांगू का, जेवणाच्या सुट्टीत रेडिओवर बातम्या लागतात तेव्हा सेक्शनमधला एकेक माणूस आपल्या हातांकडे पाहतो. मीही पाहते. आपण इथे आहोत, आपण हे करतो आहोत, असं वाटून ऊर भरून येतो. अशा वेळी "मला रजा हवी" म्हणायला जीभ उचलत नाही. लढाई संपू दे, दुसऱ्याच दिवशी जाईन.

हे लिहून पुन्हा वाचलं. ह्यात अभिमान किती आणि भीती किती? लढाई नव्हती तेव्हाही मी गेले नव्हते. मग लढाईचं नाव का घेते? देशाच्या पदराआड लपणं म्हणतात ते हेच का? ठरवता येत नाही. एक मात्र लिहायला हवं, नाहीतर हे पत्र खोटं होईल. गेल्या रविवारी हात वर केला तेव्हा आरशात तिथली कातडी जरा आत ओढलेली दिसली. संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळी.

सुमेधा

•

सिहोरा, ११ डिसेंबर १९७१

वहिनी,

उद्या पहिल्या बसने येऊन राहिले, बाळासकट. कंडक्टर आधी तुमच्याकडे चिठ्ठी टाकेल. सोमवारी आपण दोघी मेडिकलला, कॉलेजच्या मोठ्या दवाखान्यात, जाणार. दादाला तुम्ही सांगणार, आज रात्रीच. मी पोहोचेन तेव्हा त्याला ठाऊक नसेल तर मी अंगणात उभी राहून सांगेन, मग अख्खी वसाहत ऐकेल. अन् ब्लॅकआउटमध्ये आवाज दूर जातो.

विनता

•

मेडिकल, जबलपूर, ३ जानेवारी १९७२

प्रिय विनता,

उशीला टेकून लिहिते आहे, डाव्या हाताने कागद धरता येत नाही म्हणून ओळी उतरतात. त्या सोमवारी तू होतीस, तपासणी झाली तेव्हा बाहेर बाळाला थोपटत होतीस, म्हणून ते सांगत नाही. तू नसतानाचं तेवढं सांगते.

आधी तुझे दादा. तुझी चिठ्ठी आली त्या रात्री मी त्यांना सांगितलं, हे तुला कळलंच. त्यांनी काय केलं ते तुला सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही आवाज न चढवलेला माणूस, त्या रात्री ओरडला, "राखीपासून? आणि मी रोज शेजारी जेवतो आहे!" मग उठून त्यांनी माझी सायकल पुसायला घेतली. अंधारात.

तुकडा काढून तपासला, त्याचा निकाल वाईट आला. कॅन्सरच. तो शब्द लिहायला हात अडला, पण लिहिला. सर्जन म्हणाले, लवकर सापडली आहे, पूर्ण छाती काढू, काखेतल्या गाठी काढून तपासू. मी विचारलं, तीन महिने आधी आले असते तर? ते म्हणाले, "तब की बात तब थी. तीन महीने बाद आतीं तो मैं क्या कहता, वो सोचिए."

ऑपरेशनच्या आधी फॅक्टरीत रजेचा कागद द्यायला मी स्वतः गेले. ऑफिसातला बाबू वाचून कानापर्यंत लाल. हळूच म्हणाला, "बाई, पोटाचं ऑपरेशन लिहा ना. बरं दिसत नाही." मी म्हटलं, "माझ्या पोटाला काय झालंय?" कागद तसाच विष्णुपंतांपुढे गेला. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"हे असं लिहिलंत?"

"जे आहे ते लिहिलं."

"शिक्का?"

"तिजोरीत ठेवा. दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"कुणाला देणार?" ते सहीसाठी पेन शोधत म्हणाले. "ह्या पोरांना पितळ दिसतं, चीर दिसत नाही. तुम्ही परत या, म्हणजे झालं." मग कागद बाबूकडे न देता स्वतः उठून साहेबांकडे घेऊन गेले. मी ज्याला इतकी वर्षं भ्यायले तो माणूस हाच का, की माझ्या मनाने तयार केलेला दुसराच कुणी होता, ह्याचा विचार मी इथे पडल्या पडल्या करते.

सत्तावीसला ऑपरेशन झालं. जखम बरी भरते आहे. पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्यांदा पाहिलं. एक बाजू आता आमच्या वसाहतीच्या मैदानासारखी सपाट. काखेतल्या गाठींचा निकाल यायचा आहे. तो आला की कळवते. झोप लागत नाही ते त्याच्यामुळे, दुखण्यामुळे नाही.

सुमेधा

•

सिहोरा, १० जानेवारी १९७२

वहिनी,

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. होय, ह्यांनी! सासूबाई समोर होत्या, मिश्राइन पण होती. "कॅन्सर" आलं तिथे हे थांबले, मी म्हटलं पुढे वाचा. बाबूचं आलं तिथे सासूबाई हसल्या अन् मग पदराने डोळे पुसत बसल्या. म्हणाल्या, "ऐसी लिखनेवाली हमारे घर की है." आमच्या घरची म्हणे! काल परवापर्यंत "फॅक्टरीवाली" होतात.

आणि ऐका. मिश्राइन रात्री मागच्या दाराने आली. तिला पाळीआधी दोन्हीकडे दुखतं, घाबरून गेली होती. मी तुमचा पहिला कागद काढला, समजावलं. तरी दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेलं, कारण ठरवायचं डॉक्टरांनी. साधंच निघालं. परत येताना जिलेबी घेऊन दिली तिने मला. आता मी सिहोऱ्याची बाईडॉक्टरच की नाही, सांगा!

काखेचा निकाल आला की तारच करा. मी रोज पोस्टमनच्या सायकलकडे डोळे लावून बसून राहिले.

विनता

•

जबलपूर, १३ मार्च १९७२

प्रिय विनता,

काखेतल्या गाठी निर्मळ निघाल्याची तार तुला मिळाली, त्यानंतर मी मुद्दाम पत्र लिहिलं नाही. कामावर परत जाईन तेव्हाच लिहायचं ठरवलं होतं. आज गेले.

तुला आमच्या दारावरची झडती ठाऊक नाही. आत काडेपेटी, विडी, केसाची लोखंडी पिनसुद्धा जाता कामा नये, म्हणून प्रत्येकाची झडती होते. बायकांची सत्यभामा घेते. आडदांड बाई, विधवा, तिच्या तोंडाला सगळा गेट घाबरतो. एकेकीच्या खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवते आणि ढकलते, "चलो, आगे!" घरून निघताना मी डाव्या बाजूला कापसाची घडी शिवून घातली होती, ब्लाउज नीट बसावा म्हणून. रांगेत उभी राहिले आणि लक्षात आलं, आता तिचा हात तिथे जाणार. मागे पंधरा-वीस बायका.

सगळ्यांना माझं ठाऊक होतं. पुढच्या एकीने वळून म्हटलं, "सत्यभामा, बाईंना जाऊ दे ना तशीच."

सत्यभामा माझ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, "तशीच काहून? घे झडती."

तिचा हात आला, कापसापाशी थांबला.

"ये क्या है, बाई?"

"कापूस."

"देखना पड़ेगा."

विनता, मला त्या दोन शब्दांनी किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. दया नको होती. तिने मला आडोशाला नेलं, पदर बाजूला केला, घडी उचकटून पाहिली, परत नीट बसवली. व्रण पाहिला आणि मान फिरवली नाही. मग एकदम हळू आवाजात, तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, म्हणाली, "बाई, दर्द होता था क्या पहले?"

मी तिच्याइतकंच हळू उत्तर देणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण पलीकडे रांग गप्प झाली होती. साऱ्या जणी कान देऊन उभ्या होत्या आणि ऐकत नसल्याचं दाखवत होत्या. आडोशातून बाहेर आले आणि वर्गात बोलावं तशी बोलले.

"नाही. दुखत नव्हती. म्हणूनच मी बसून राहिले. गाठ होती, इथे, शिवणीच्या आत. माझ्या नणंदेने ओढून नेलं नसतं तर आज तुमच्यापुढे उभी नसते. दुखो न दुखो, गाठ लागली की दाखवायची. बहुतेक साध्या असतात. पण ते घरी बसून ठरत नाही."

मग मागून एक पोरसवदा मुलगी, नवी लागलेली, म्हणाली, "बाई, दूध पाजताना लाल होते ती पण?" दुसरी तिला चापटी मारून हसली. तिसरीने विचारलं, मेडिकलला बाईडॉक्टर कोणत्या वारी बसतात. मी सांगितलं. भोंगा झाला तरी रांग हलेना. आतून विष्णुपंत ओरडले, "काय चाललंय बायकांचं?"

सत्यभामाने कमरेवर हात ठेवले आणि गेटच्या आवाजात उत्तर दिलं, "झडती चल रही है, साहब! आज सबकी अच्छे से होगी!"

शुक्रवारी ती माझ्याबरोबर येते आहे, मेडिकलला. काय लागलंय हाताला ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते पाहायला दुसरं कुणी आहे.

तुझी वहिनी,
सुमेधा